तिसरा विषय सोडताना

जून संपत आला की तालुक्याच्या कॉलेजात दोन रांगा लागतात. एक प्रवेशाच्या खिडकीपुढे, दुसरी फाटकाबाहेरच्या झेरॉक्सच्या दुकानापुढे. ऑनलाइन फॉर्म भरून, त्याची प्रिंट काढून मगच खिडकीशी जायचं असतं, त्यामुळे कोण काय शिकणार ते दुकानातच ठरून जातं. दुकानातला पोरगा कीबोर्डवर बोटं ठेवून विचारतो, ‘‘ताई, विषय कोणते टाकू?’’ मुलगी आईकडे बघते. आई बरोबर आलेल्या पुतण्याकडे बघते. पुतण्या दोन वर्षांपूर्वी याच कॉलेजातून बाहेर पडलेला. तो म्हणतो, ‘‘मराठी, इतिहास, राज्यशास्त्र टाक. सगळे तेच घेतात.’’ मागून कोणीतरी ओरडतं, ‘‘आवरा, बस सुटंल.’’ फॉर्म पुढच्या पानावर जातो.

त्या मुलीला मी नंतर विचारलं, तुला काय घ्यायचं होतं? ‘‘भूगोल,’’ ती पटकन म्हणाली. बारावीत तिला भूगोलातच सगळ्यात चांगले मार्क होते. मग बोलली का नाहीस? ‘‘कोणी विचारलंच नाही. आणि भूगोलाला प्रॅक्टिकल असतं म्हणतात, दुपारी थांबावं लागतं. आमच्या गावाची बस पावणेएकला.’’

संपादकांनी यंदाच्या अंकासाठी ‘निवड’ हा विषय दिला, तेव्हा माझ्या मनात पहिल्यांदा कॉलेजातली ही मुलं आली. नव्या शैक्षणिक धोरणाने त्यांना मेजर, म्हणजे मुख्य विषय दिला, मायनर, म्हणजे दुय्यम विषय दिला, दुसऱ्या शाखेतला एखादा विषय चाखून बघायची मुभा दिली. शिकणाऱ्याला निवड करू द्या, असं हे धोरण सांगतं. ते मला मनापासून पटतं. म्हणून ती निवड प्रत्यक्षात कुठे, कशी आणि कोणाच्या सोबतीने होते ते बघायला मी अहिल्यानगर जिल्ह्यातल्या या कॉलेजात प्रवेशाच्या दिवसांत गेले आणि पुढेही जात राहिले. पुण्यातलं एक स्वायत्त कॉलेजही पाहिलं. प्राध्यापक, क्लार्क, ग्रंथपाल, वसतिगृहाच्या रेक्टर आणि मुख्य म्हणजे मुलं, या सगळ्यांशी बोलले. मोकळेपणाने बोलता यावं म्हणून कोणाचंच नाव छापायचं नाही, असं आधीच ठरलं होतं.

एस-थ्री, एस-फोर गेले

चाळिशीतल्या वाचकांना कॉलेज आठवतं ते ‘स्पेशल’ विषयाचं. पुणे विद्यापीठात कला शाखेला पहिल्या वर्षी जी-वन, दुसऱ्या वर्षी एस-वन, एस-टू, तिसऱ्या वर्षी एस-थ्री, एस-फोर अशी पेपरांची नावं होती. ‘तुझं स्पेशल काय?’ एवढ्या प्रश्नात माणसाची ओळख व्हायची.

केंद्रीय मंत्रिमंडळाने २९ जुलै २०२० रोजी राष्ट्रीय शैक्षणिक धोरण मंजूर केलं. महाराष्ट्रात पदवीच्या वर्गांना ते २०२३-२४ मध्ये आधी विद्यापीठांच्या विभागांत आणि स्वायत्त कॉलेजांत लागू झालं. पुढच्या वर्षी संलग्न कॉलेजांत आलं. तालुक्याच्या कॉलेजात आता पहिल्या वर्षी तीन विषय बरोबरीने शिकायचे. दुसऱ्या वर्षी त्यातला एक मेजर होतो, एक मायनर होतो, तिसरा सुटतो. याशिवाय ‘ओई’, म्हणजे दुसऱ्या विद्याशाखेतला खुला ऐच्छिक विषय. कौशल्याचे कोर्स, भाषा, मूल्यशिक्षण, भारतीय ज्ञानप्रणाली. ‘सीसी’मध्ये, म्हणजे सहअभ्यासक्रमांत, एनएसएस, एनसीसी, खेळ, योग, सांस्कृतिक कार्यक्रम. पुढे क्षेत्रप्रकल्प आणि ‘ओजेटी’, म्हणजे प्रत्यक्ष कामाच्या जागी घ्यायचा अनुभव. प्रत्येकाचे क्रेडिट वेगळे. वर्गातल्या १५ तासांना एक क्रेडिट आणि प्रॅक्टिकलच्या ३० तासांना एक, असा साधारण हिशोब आहे. सेमिस्टरला २२ क्रेडिट धरले तर तीन वर्षांचे १३२ होतात. ते ‘अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स’मध्ये मुलाच्या नावावर साठतात.

कला शाखेची मुलगी ‘ओई’मध्ये बँकिंगची ओळख करून घेऊ शकते, विज्ञानाचा मुलगा मराठी नाटक शिकू शकतो. पुण्यातल्या स्वायत्त कॉलेजात मी हे घडताना पाहिलं. रसायनशास्त्र मेजर असलेला एक मुलगा मला ‘ओई’तल्या अर्थशास्त्राबद्दल इतका भरभरून सांगत होता, की त्याच्या हातातला चहा गार झाला. खतांच्या किमती ठरतात कशा, हे त्याला तिथे पहिल्यांदा कळलं होतं. त्याचे वडील शेती करतात.

धोरणातली एक सोय मात्र मला काळजीत टाकते. पहिल्या वर्षानंतर शिक्षण थांबवायचं असेल तर आणखी चार क्रेडिटचा कौशल्य-अभ्यास पुरा करून प्रमाणपत्र घेता येतं, दुसऱ्या वर्षानंतर पदविका. तीन वर्षांच्या आत परत येता येतं आणि सात वर्षांत पदवी पुरी करायची असते. घरात अडचण आलेल्या मुलासाठी ही सोय मोलाची आहे, पूर्वी अशा मुलाच्या हाती काहीच उरत नसे. पण मुलींच्या वसतिगृहाच्या रेक्टर बाई म्हणाल्या, ‘‘स्थळ आलं की आता वडील मला विचारतात, एक वर्षाचं सर्टिफिकेट मिळतं ना, मग झालं की.’’ परत येण्याचं दार उघडं आहे, हे त्या वडिलांना सांगायचं कोणी? बाई सांगतात. ते त्यांच्या कामात कुठे लिहिलेलं नाही, तरी सांगतात.

वेळापत्रकाचा तक्ता

निवड समजून घ्यायची असेल तर वेळापत्रक लावणाऱ्या सरांकडे बसावं. या कॉलेजात ते काम अर्थशास्त्राचे एक सर गेली कित्येक वर्षं करतात. स्टाफरूमच्या टेबलावर त्यांनी माझ्यापुढे तक्ता पसरला. वर आठवड्याचे वार, डावीकडे तासांच्या वेळा, आणि चौकोनांत पेन्सिलीने लिहिलेली विषयांची आद्याक्षरं. पेन्सिलीनेच, कारण खोडावं लागतं. काही चौकोन इतक्या वेळा खोडलेले, की कागद तिथे विरळ झालेला.

‘‘हे बघा,’’ ते म्हणाले. ‘‘माहितीपत्रकात गट अ, ब, क असतात. प्रत्येक गटातला एक विषय घ्यायचा. मुलांना वाटतं, गट विषयांच्या नात्यावरून पाडलेत. तसं काही नसतं. जे विषय एकाच तासाला चालतात ते एका गटात, म्हणजे ते दोन्ही एकदम घेता येत नाहीत. आमच्याकडे भूगोल आणि इतिहास एका गटात आहेत, कारण सकाळच्या दुसऱ्या तासाला एवढ्या दोनच मोठ्या खोल्या रिकाम्या असतात.’’

खोल्या, तास, शिक्षक आणि बस या चार गोष्टींत गट ठरतात. बहुतेक मुलं आसपासच्या खेड्यांतून एसटीने येतात. विद्यार्थ्यांच्या मासिक पासाला ६६ टक्क्यांवर सवलत असते, तरी उरलेले पैसे दर महिन्याला काढावे लागतात. मुलींना बारावीपर्यंत पास फुकट असतो. म्हणजे कॉलेजात पाऊल टाकलं त्याच महिन्यापासून मुलीच्या पासाचा खर्च घरावर येतो. एक बस सकाळी सातला मुलांना आणते आणि पावणेएकला घेऊन जाते. त्यानंतरची थेट संध्याकाळी. त्यामुळे साडेबारानंतर ठेवलेला प्रत्येक तास अर्ध्या वर्गाला मुकतो. सरांनी भूगोलाचं प्रॅक्टिकल सकाळी आणायचा प्रयत्न करून पाहिला, तर प्रयोगशाळेत ज्युनियर कॉलेजचा तास होता.

शिक्षकांची गोष्ट आणखी अवघड आहे. कायमस्वरूपी जागा बऱ्याच काळ भरल्या गेलेल्या नाहीत आणि पुष्कळ विषय तासिका तत्त्वावरच्या, म्हणजे ‘सीएचबी’च्या प्राध्यापकांवर चालतात. त्यांना तासांप्रमाणे मानधन मिळतं, तेही उशिरा. ज्यांची नोकरी कायम आहे त्यांचाही जीव कार्यभारात अडकलेला. विषयाला मुलं कमी आली तर तास कमी, तास कमी झाले तर पद अतिरिक्त ठरायची भीती. अशा वेळी प्रवेशाच्या टेबलाशी बसलेले सर एखाद्याला म्हणतात, ‘‘आमचा विषय घे, सोपा आहे, मार्क चांगले पडतात.’’ मी त्यांना दोष देत नाही. ज्याची रोजीरोटी मुलाच्या निवडीवर टांगलेली आहे, त्यालाच त्या मुलाला निःपक्ष सल्ला द्यायला बसवलं, तर दोघांवर अन्याय होतो. हे काम दुसऱ्या कोणाचं असायला हवं, आणि तो दुसरा कोणी मला या आवारात दिसला नाही.

दाखले आणि शिक्के

सल्ला देणारं माणूस नसलं तरी मदतीच्या खोल्या आवारात पुष्कळ आहेत. ग्रंथालयाची बुक बँक आहे, तिथून गरजू मुलांना सेमिस्टरभर पुस्तकांचा संच मिळतो. विद्यार्थी विकास मंडळाचं टेबल आहे, तिथे ‘कमवा आणि शिका’चे अर्ज मिळतात. समान संधी केंद्र आहे. लैंगिक छळाच्या तक्रारीसाठी २०१३ च्या कायद्याने आलेली अंतर्गत समिती आहे, इतर तक्रारींसाठी विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२३ च्या नियमांप्रमाणे निवारण समिती आहे. प्रत्येकाच्या दारावर पाटी आहे. पहिल्या वर्षाच्या मुलांना मी विचारलं तर त्यांना ग्रंथालय आणि ऑफिस एवढंच ठाऊक होतं.

ऑफिसात मात्र रोज गर्दी असते, कारण शिष्यवृत्ती. तिथल्या क्लार्कला सगळे भाऊसाहेब म्हणतात. त्यांच्या टेबलाशी मी एक अख्खी सकाळ बसले. ‘महाडीबीटी’ या सरकारी पोर्टलवर मुलाने अर्ज भरायचा, कागद जोडायचे, मग तो भाऊसाहेबांच्या लॉगिनला येतो. ते तपासून पुढे समाजकल्याण किंवा त्या त्या विभागाकडे पाठवतात. उत्पन्नाचा दाखला तहसीलमधून आणायचा, जातीचा दाखला, लागू असेल तिथे नॉन-क्रिमीलेअर, रेशनकार्ड, मागच्या वर्षीची गुणपत्रिका. बारावीनंतर एक वर्ष घरी राहिला असेल तर गॅपचं प्रतिज्ञापत्र. एक कागद कमी पडला की अर्ज मागे.

एक मुलगा आला, दुसऱ्या वर्षाचा. पोर्टलवर त्याची शिष्यवृत्ती जमा झाल्याचं दिसत होतं, हातात पैसे आले नव्हते. ‘‘भाऊसाहेब, पासबुक भरून आणलं, काहीच नाही यात.’’ भाऊसाहेबांनी त्याला आधार क्रमांक कोणत्या खात्याला जोडलाय ते मोबाईलवर बघायला लावलं. निघालं असं, की लहानपणी शाळेत कसल्याशा योजनेसाठी आजोळच्या गावी एक खातं उघडलं होतं, आधार त्यालाच जोडलेला. सरकारी पैसा अर्जातल्या खाते क्रमांकावर न जाता आधार जोडलेल्या खात्यावर जातो. त्या खात्याचं पासबुक कुठे आहे ते आईलाही आठवत नव्हतं. मुलगा तसाच उभा राहिला. त्याचे पैसे बुडाले नव्हते, आजोळच्या बँकेत निवांत पडून होते. पण त्या वर्षभरात त्याने काय केलं होतं, तर इंग्रजी मेजर सोडून मराठी घेतलं होतं, कारण इंग्रजीची संदर्भपुस्तकं विकत घेणं झेपत नव्हतं.

हे मला नंतर, चहाच्या टपरीवर कळलं. भाऊसाहेबांना ते माहीत असायचं कारण नव्हतं. ज्यांनी विषयबदलाच्या अर्जावर सही केली त्या सरांना खात्याचं माहीत नव्हतं. बुक बँकेत इंग्रजीचे संच पडून होते आणि ग्रंथपालांना यातलं काहीच माहीत नव्हतं. तिघेही कामसू माणसं. तिघांच्या खोल्या एकाच व्हरांड्यात.

वसतिगृह न मिळालेल्यांसाठी सरकारच्या योजना आहेत. अनुसूचित जातींच्या मुलांना स्वाधार, आदिवासी मुलांना स्वयम्, ओबीसींना सावित्रीबाई फुले आधार योजना. पुण्या-मुंबईत राहणाऱ्याला स्वाधारमधून वर्षाला ६० हजारांपर्यंत रक्कम खोली, जेवण आणि इतर खर्चासाठी मिळते. तालुक्याच्या मुलाला ही माहिती वेळेवर मिळाली तर तो पुण्यातला हवा तो मेजर घ्यायची हिंमत करतो. उशिरा मिळाली तर जवळच्या कॉलेजात जे आहे ते घेतो. विषय आणि वसतिगृह हे दोन वेगळे प्रश्न आहेत असं ज्याला वाटतं, त्याने एकदा भाऊसाहेबांच्या टेबलाशी बसून बघावं.

आधी राहण्याची सोय

महाराष्ट्रात हे जुन्या लोकांनी फार लवकर ओळखलं होतं. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ साली कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू केलं. त्यानंतर जैन, मुस्लिम, लिंगायत अशी एकेक वसतिगृहं उभी राहिली आणि १९०८ मध्ये अस्पृश्य मानल्या गेलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग निघालं. शाळा-कॉलेजं कोल्हापुरात होतीच. खेड्यातलं पोर तिथे टिकून राहावं, तर त्याच्या झोपण्याची आणि दोन वेळच्या भाकरीची व्यवस्था आधी लागली पाहिजे, हे महाराजांनी हेरलं.

कोल्हापूरच्या त्या वातावरणात शिकलेल्या कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था काढली आणि साताऱ्यात वसतिगृह उभं केलं. सगळ्या जातींची मुलं तिथे एकत्र राहायची, एकत्र जेवायची, राबायची. १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते त्या वसतिगृहाला शाहू महाराजांचं नाव मिळालं. १९४७ साली साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज निघालं ते ‘कमवा आणि शिका’ याच पायावर.

सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाची ‘कमवा व शिका’ योजना आजही कर्मवीरांच्याच नावाने चालते. तालुक्याच्या या कॉलेजात तिची मुलं ग्रंथालयात पुस्तकं लावतात, बाग बघतात, ऑफिसात नोंदी करतात. ग्रंथालयात काम करणारी तिसऱ्या वर्षाची एक मुलगी मला भेटली. तिचा मेजर राज्यशास्त्र, मायनर इतिहास. हे जोडविषय तिने कसे ठरवले? ‘‘पुस्तकं परत ठेवता ठेवता,’’ ती म्हणाली. ‘‘पहिल्या वर्षी माझा तिसरा विषय अर्थशास्त्र होता. पण घरी नेऊन वाचायची ती इतिहासाची. आमच्या ग्रंथपाल मॅडमनीच दाखवून दिलं, अगं, तुझ्या कार्डावर बघ, सगळा इतिहासच दिसतोय.’’

मी जेवढ्या मुलांना भेटले त्यांत विषयाबद्दल इतक्या खात्रीने बोलणारी दुसरी नव्हती. तिच्याकडे बघणारं कोणीतरी होतं, आणि ते रोज बघत होतं.

मेंटॉरची फाईल

प्रत्येक कॉलेजात मेंटॉर असतो. नॅकच्या मूल्यांकनात एका मेंटॉरमागे किती विद्यार्थी, हे विचारलं जातं, त्यामुळे याद्या आणि फायली असतातच. मी अशा काही फायली पाहिल्या. मुलाचं नाव, पत्ता, पालकांचा फोन, छंद, अडचण. ‘अडचण’च्या रकान्यात बहुतेक ठिकाणी ‘नाही’. एका सरांनी सांगितलं, ‘‘वर्गातच फॉर्म वाटतो, पाच मिनिटांत गोळा करतो. शेजारी मित्र बसलेला असताना कोण लिहील, माझे वडील दारू पितात?’’

मुलांच्या मनावरच्या ताणाची दखल आता वरच्या पातळीवर घेतली गेली आहे. २५ जुलै २०२५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने शिक्षणसंस्थांसाठी मार्गदर्शक सूचना दिल्या. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत निदान एक प्रशिक्षित समुपदेशक असावा, हे त्यात आहे. ‘टेलि-मानस’ची १४४१६ ही मोफत हेल्पलाइन ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे आणि मराठीतही बोलता येतं. हा क्रमांक या कॉलेजात मला एका ठिकाणी चिकटवलेला दिसला, मुलींच्या कॉमन रूमच्या आरशाशेजारी. ज्या मॅडमनी तो लावला त्यांनी जागा विचार करून निवडली होती. आरशासमोर कितीही वेळ उभं राहिलं तरी कोणाला काही वाटत नाही, क्रमांक गुपचूप मोबाईलमध्ये उतरवून घेता येतो.

पुण्याच्या स्वायत्त कॉलेजात समुपदेशक आहेत. त्या म्हणाल्या, मुलं त्यांच्याकडे बहुतेक ‘विषय बदलायचा आहे’ असं म्हणतच येतात. अर्धा तास बोलल्यावर कळतं, की काहींना खरोखरच विषय बदलायचा असतो, काहींना खोलीतल्या मुलाचा त्रास असतो, काहींना इंग्रजीत शिकवलेलं कळत नाही आणि ते सांगायची लाज वाटते. मराठी माध्यमातून आलेल्या एका मुलीला संख्याशास्त्र सोडायचं होतं. समुपदेशकांनी तिची तिसऱ्या वर्षाच्या, तशाच शाळेतून आलेल्या मुलीशी गाठ घालून दिली. दोघी मिळून पुस्तकातले शब्द मराठीत लिहून काढायला लागल्या. संख्याशास्त्र तिने सोडलं नाही, आता तोच तिचा मेजर आहे.

मार्चमधला एक तास

मेजर-मायनर पक्के करायचा फॉर्म पहिलं वर्ष संपल्यावर भरायचा असतो. तालुक्याच्या कॉलेजात भूगोलाच्या एका मॅडम त्याआधी, मार्च महिन्यात, पहिल्या वर्षाच्या मुलांना बोलावतात. त्या सीएचबीवर आहेत. या तासाचं मानधन त्यांना मिळत नाही आणि तो वेळापत्रकातही नाही. सकाळच्या तासांनंतर, बस यायच्या आत जेवढा वेळ मिळेल तेवढा.

मी गेले त्या दिवशी वर्ग भरलेला होता. मॅडमनी भाषण केलं नाही. टेबलावर सगळ्या विषयांच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाचे अभ्यासक्रम आणि जुन्या प्रश्नपत्रिका ठेवल्या होत्या, त्या वाटल्या. ‘‘आपल्या तीन विषयांच्या प्रश्नपत्रिका घ्या आणि नुसतं वाचा. कोणता प्रश्न वाचून असं वाटतं, की याचं उत्तर मला माहीत नाही पण कळलं तर आवडेल?’’ मुलं वाचत बसली. मागच्या बाकावरच्या एकाने विचारलं, ‘‘मॅडम, सोपा कोणता त्यावर खूण करू?’’ त्या म्हणाल्या, ‘‘कर की. सोपं वाटणंही माहितीच आहे. पण दोन खुणा वेगवेगळ्या कर.’’

मग प्रश्न सुरू झाले आणि मला जाणवलं, की मुलांना विषयाबद्दल जेवढं विचारायचं होतं त्याहून कितीतरी जास्त त्यापुढच्या वाटेबद्दल विचारायचं होतं. भूगोल मायनर ठेवला तर भूगोलात एमए करता येईल का? तिसरा विषय सोडला तर बीएडला अध्यापनाचा दुसरा विषय म्हणून तो चालेल का? एमपीएससीचं काय? राज्यसेवेची मुख्य परीक्षा आता वर्णनात्मक झाली आहे आणि तिच्यात वैकल्पिक विषयाचे पेपर आहेत, त्यामुळे पदवीचा मेजर तिथे कामी येतो, हे पुष्कळांना नवं होतं. चौथं वर्ष करून संशोधनासह ऑनर्स घ्यायचं असेल तर पहिल्या सहा सेमिस्टरना ७५ टक्के लागतात, हेही.

मॅडमनी जे ठाऊक होतं ते सांगितलं, जे नव्हतं ते फळ्यावर लिहून ठेवलं आणि कोणी कोणाकडे जाऊन विचारायचं ते वाटून दिलं. बीएडचा प्रश्न घेऊन दोन मुली शेजारच्या अध्यापक महाविद्यालयात जाणार. शिष्यवृत्तीचा प्रश्न घेऊन एक मुलगा भाऊसाहेबांकडे, कारण विषय बदलल्याने शिष्यवृत्तीवर परिणाम होतो का, याची अनेकांना धास्ती होती. एकीने ग्रंथपाल मॅडमना भेटून कोणत्या विषयाचे किती संच बुक बँकेत आहेत ते आणायचं. एका व्हरांड्यातल्या त्या तीन खोल्या मी पहिल्यांदाच एका फळ्यावर एकत्र पाहिल्या.

असा तास प्रत्येक कॉलेजात वेळापत्रकात हवा, आणि तो घेणाऱ्याच्या कार्यभारात मोजला गेला पाहिजे. मेजर, मायनर, ओई, सीसी या सगळ्यांचे क्रेडिट मांडताना मुलाला विचार करायला किती वेळ लागेल, हे कुठेही मांडलेलं नाही. तीन वर्षांच्या १३२ क्रेडिटमध्ये त्याच्यासाठी अर्धा क्रेडिट काढणं इतकं अवघड नाही.

मानसशास्त्राचा अर्ज

त्या तासाच्या शेवटी एका मुलीने उभं राहून विचारलं, ‘‘मॅडम, आपल्याकडे मानसशास्त्र का नाही?’’ तिच्या मागे आणखी हात वर झाले. आशा सेविका असलेल्या आईबरोबर गावात फिरणारी एक, व्यसनी मामाला बघत वाढलेला एक, पोलीस भरतीची तयारी करणारे दोघे. मॅडमनी त्यांना अर्ज लिहायला सांगितलं आणि स्वतः मजकूर सांगितला नाही. मुलांनी आपल्या भाषेत लिहिला, सह्या गोळा केल्या आणि तो प्राचार्यांकडे नेला.

प्राचार्यांनी तो नीट वाचला. नवा विषय सुरू करायचा तर विद्यापीठाची मान्यता हवी, पात्र शिक्षक हवा, प्रयोगांची साधनं हवीत, हे त्यांनी मुलांना बसवून समजावलं. त्यात वर्ष-दोन वर्षं सहज जातात. मुलं म्हणाली, तोवर आम्ही बाहेर पडू. तेव्हा मॅडमनी ‘स्वयम्’चा पर्याय काढला. नाव सारखं असलं तरी हे आदिवासी मुलांच्या योजनेहून वेगळं, केंद्र सरकारचं ऑनलाइन अभ्यासक्रमांचं व्यासपीठ आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१ च्या नियमांप्रमाणे सेमिस्टरच्या ४० टक्क्यांपर्यंत क्रेडिट त्यावरून घेता येतात. शिकणं मोफत असतं, परीक्षेचं शुल्क भरावं लागतं आणि परीक्षा ठरलेल्या केंद्रावर जाऊन द्यायची असते. विद्यापीठाच्या रचनेत मानसशास्त्राचा असा कोर्स ‘ओई’च्या जागी बसतो का, हे अभ्यास मंडळाकडे विचारायला हवं होतं. प्राचार्यांनी मुलांच्या अर्जाला स्वतःचं पत्र जोडून तो विद्यापीठाकडे पाठवला.

नंतर मी फोन केला तेव्हा उत्तर यायचं होतं. पण मॅडमनी त्याची वाट न बघता संगणक कक्षाच्या सरांशी बोलून सकाळी पहिल्या तासाआधीचा वेळ मागून घेतला होता, कारण बस सातलाच येते आणि पहिला तास साडेसातला असतो. अर्ध्या तासाचा एक व्हिडिओ, रोज. क्रेडिट मिळाले तर परीक्षेचं शुल्क भरायचं, नाही मिळाले तरी ऐकायचं, असं मुलांनी ठरवलं आहे. व्हिडिओ इंग्रजीत आहेत, म्हणून मराठीतल्या टिपणांसाठी ग्रंथपाल मॅडम पुस्तकं शोधताहेत. भूगोल घ्यायचा होता ती मुलगीही त्यांच्यात आहे.